मंगळवारचं उत्तर

प्रिय खुटखुट्या,

अक्षराला हसू नकोस. सामानाच्या यादीपलीकडे हाताने काही लिहून मला दहा वर्षं झाली असतील. पण डॉक्टरांनी तुझा फोन काढून घेतलाय, स्क्रीनसमोर बसायला बंदी केली आहे, आणि तिथल्या ऑफिसातल्या फोनवर जी दहा मिनिटं मिळतात त्यात नर्स शेजारी उभी असते. तेवढ्यात माझं बोलणं मावणार नाही. आणि खरं सांगू का, हल्ली तुझा आवाज ऐकला की माझी बोलतीच बंद होते. तुझ्या वतीने शाळेत भांडायला जाणारी, घरमालकाला दारातूनच परत पाठवणारी तुझी ताई घाबरली आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले आहे, बाहेरच्या दाराला आतून खुर्ची टेकवून ठेवली आहे, आणि जिन्यात पाऊल वाजलं की पेन थांबतं. लख्ख ऊन पडलंय, सकाळचे अकरा वाजलेत, तरीही.

काल डॉक्टरांचा फोन आला होता. गुरुवारी तुला सोडणार होते, पण तू घरी यायला तयार नाहीस म्हणे. बाबांच्या केल्या होत्या त्या सगळ्या तपासण्या माझ्या करा, असा हट्ट धरून बसला आहेस. अरे, तू चौतीस वर्षांचा आहेस. बाबांना विसर पडायला लागला तेव्हा ते साठीला आले होते. हे तुला कळत नाही असं नाही, पण तू किती घाबरला असशील ते मला कळतं. बाबा स्वतःच्याच घरात न्हाणीघर कुठे आहे असं आपल्याला अदबीने विचारायचे, ते आपण दोघांनीच पाहिलंय. डॉक्टरांनी आणखीही एक गोष्ट सांगितली, ती शेवटी लिहीन. आधी इकडचं सांगते, कारण इकडचंही मी तुला खरं सांगितलेलं नाही. गेले सहा आठवडे फोनवर ‘सगळं छान चाललंय’ म्हणत आले, ते सगळं झूठ.

तू तिकडे गेलास त्यानंतर महिनाभराने ऑनलाइन गेम विकणाऱ्या त्या नव्या दुकानाने आपल्या गेमची घोषणा केली. ‘बंद दारं’ पहिलं वर्षभर फक्त आमच्याकडेच मिळेल. घोषणेला त्यांनी तुझाच एक जुना व्हिडिओ कापून जोडला, तू हसत हसत कुलूप उघडतोस तो. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हा कुलूपवाला स्वतःच आनंदाने सांगतोय. मला विचारलंही नाही. त्यांच्याशी केलेल्या करारात तशी मुभा होती म्हणे, चौदाव्या पानावर. मी चौदावं पान वाचलं होतं, पण तेव्हा मला फक्त विक्री होवो न होवो, आगाऊ मिळणारी हमीची रक्कम दिसत होती.

मग जे सुरू झालं त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं. लोक रागावतील हे मला माहीत होतं. आधीच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात आपल्या गेमची वाट बघत चाळीस हजार माणसं नाव लावून बसली होती, आणि ती सगळी तुझ्या शब्दावर बसली होती. दर शनिवारच्या व्हिडिओत तू म्हणायचास, जिथे नाव लावलंय तिथेच पहिल्या दिवशी मिळेल, माझा शब्द. मला वाटलं, चार दिवस ओरडतील. नवं दुकान चकटफू आहे, दोन मिनिटांत खातं उघडतं, जगबुडी थोडीच आहे. नव्या दुकानाच्या करारवाल्यानेही मला तेच सांगितलं होतं. तो माणूस फार गोड बोलतो. लोक पंधरा दिवसांत विसरतात, म्हणाला. आणि मोठं दुकान तरी कुठलं संत लागून गेलंय? विक्रीचा जवळजवळ तिसरा हिस्सा कापून घेतं आणि साध्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावतं. समोर दुसरं दुकान उभं राहिलं तर त्यालाही जरा जाग येईल, असं मी मनाशी म्हणायचे. अजूनही यातलं थोडं मला पटतं. पण ज्यांनी वर्षानुवर्षं आपले सगळे गेम एका जागी जमवलेत, ज्यांचे मित्र तिथे आहेत, त्यांना कुणीतरी कॉलर धरून दुसऱ्या दुकानात ढकलल्यासारखं वाटलं. आणि ढकलणारा हात त्यांना तुझा दिसला.

पहिल्या दिवशी शिव्या आल्या. शिव्यांचं काही नाही, मी तुझी बहीण आहे, मलाही चार येतात. चौथ्या दिवशी टपाल यायला लागलं. तुला आठवतं ना, तू लोकांना जुन्या किल्ल्या पाठवा म्हणून विनवलं होतंस? गेममधल्या प्रत्येक कुलपाचा आवाज खरा हवा, संगणकात बनवलेला नको, हे तुझं खूळ. आपल्याला ऑफिस नाही म्हणून तू सरळ घरचा पत्ता दिलास, आणि मी कपाळावर हात मारून घेतला होता. दोनशे अकरा किल्ल्या आल्या. पेटीच्या, गोदामाच्या, सायकलच्या, एका बंद पडलेल्या थिएटरची तर वीतभर लांब. आता तीच माणसं त्याच पत्त्यावर लिहायला लागली. माझी किल्ली परत कर. कुणी एका ओळीत, कुणी पानभर. एका निवृत्त लिफ्ट मेकॅनिकने बायकोच्या कपाटाची किल्ली पाठवली होती, ती वारल्यानंतर. त्यांचं पत्र सगळ्यांत सभ्य. गैरसमज नसावा, पण आता ती तुमच्याकडे राहावी असं वाटत नाही, एवढंच. मी ती शोधून, कापसात गुंडाळून पाठवून दिली आणि इथेच या टेबलावर डोकं ठेवून रडले.

काही पत्रांत नुसता कोरा कागद असायचा. एकात आपल्या इमारतीचा फोटो होता, समोरच्या फुटपाथवरून काढलेला. वर तुझ्या खोलीची खिडकी, माझी ओढणी वाळत घातलेली. शेजारच्या काकूंना दाखवला, तर त्या म्हणाल्या, किती छान आलाय गं, कुणी काढला?

आणि मागच्या सोमवारी पाकिटातून एक किल्ली आली. नवी कोरी, कानशीने घासलेली, कडा अजून खरखरीत. सोबत चिठ्ठी होती. ‘तू आमची वाट अडवलीस. तुझं दार आम्हाला अडवत नाही.’ मला आधी अर्थच लागला नाही. मग उठले, दाराबाहेर जाऊन उभी राहिले आणि ती किल्ली आपल्या कुलपात घातली. खुटखुट्या, ती फिरली रे. लोण्यात फिरावी तशी. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

पोलीस चौकीत गेले. हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, घरातून काय गेलं? काही नाही. कुणी आत आलं होतं? नाही. मग किल्ली आली म्हणजे उलट एक वस्तू वाढलीच की तुमच्याकडे. नंतर त्याला माझा चेहरा दिसला असावा, कारण त्याने पाणी मागवलं आणि अर्ज लिहून घेतला. गेम कुठल्या दुकानात विकायचा यावरून हे सगळं, हे काही त्याच्या पचनी पडलं नाही. दुपारी कुलूप बदलायला चौकातला म्हातारा आला, खराखुरा कुलूपवाला. त्याने ती किल्ली उजेडात धरली आणि विचारलं, या दाराची किल्ली कुठे फोटोत वगैरे दाखवलीत का? तुझा पहिलाच व्हिडिओ. पहिला आवाज आपल्याच घराचा घ्यायचा म्हणून तू ती किल्ली कॅमेऱ्यासमोर धरली होतीस, चांगली मिनिटभर, एकेक दात दिसेल अशी. जगातल्या सगळ्या कुलपांची माहिती असलेला माझा भाऊ आणि ही त्याची अक्कल. म्हातारा मात्र खूश होता. फोटोवरून एवढी चोख किल्ली पाडणारा कारागीर आहे म्हणाला, मला मिळाला तर कामाला ठेवीन.

तेव्हापासून दाराला खुर्ची आहे. कुणी आलेलं नाही. येणारही नाही बहुतेक, म्हातारा म्हणतो ज्याला यायचं असतं तो आधी कळवत नाही. पण बाजारात कुणी दोनदा वळून पाहिलं तर मी रस्ता बदलते. तुझं नाव मोठ्याने घेत नाही. आणि तरीही, तुला पटणार नाही, मला याची भीती कमी वाटते. या सगळ्यांवर मी चिडू तरी शकते. कुलूप बदलता येतं, पोलिसांत जाता येतं. काल डॉक्टरांनी जे सांगितलं त्यावर मला काहीच करता येत नव्हतं, हे पत्र लिहिण्याशिवाय.

करार झाल्यापासून तू कसा होत गेलास ते मी रोज बघत होते. खिशात वही ठेवायला लागलास. गॅस बंद केला, लिहिलं. औषध घेतलं, लिहिलं. दार लावून खाली जायचास आणि परत वर यायचास. एक दिवस मला विचारलंस, ताई, मी आज जेवलो का? ताट अजून तुझ्यासमोर होतं. जागरणाने झालंय, सहा वर्षं एका खुर्चीत बसून झालंय, असं मी सगळ्यांना सांगितलं. तिथे दाखल करतानाही डॉक्टरांना तेच सांगितलं. तू गाडीत बसलास आणि माझा हात धरून म्हणालास, बाबांसारखा झालो तर मला खोटं सांगू नकोस. मी मान हलवली. कशी हलवली असेल मी मान?

आता डॉक्टरांची ती गोष्ट. ते म्हणाले, तुमच्या भावाला एक प्रसंग सारखा आठवतो आणि तीच त्याला रोगाची खूण वाटते. त्याला आठवतं की तुम्ही एका मंगळवारी त्याच्याशी कराराचं बोललात. तो तापाने फणफणला होता, उठून बसला, हातातलं पाणी पांघरुणावर सांडलं आणि तो नाही म्हणाला. पण शुक्रवारी तुम्ही सांगितलंत की तो हो म्हणाला होता. तुम्ही कशाला खोटं सांगाल? म्हणून त्याला खात्री आहे, न घडलेलं आठवायला लागलंय, वडिलांची सुरुवात अशीच झाली होती. डॉक्टरांनी मला सहज विचारलं, असं काही घडलं होतं का? आणि मी म्हटलं, मला नीट आठवत नाही. खुटखुट्या, मला सगळं आठवतं. शुक्रवार शेवटची तारीख होती, पैसे संपत आले होते, आणि दोन दिवस ग्लानीत काढून तू उठलास तेव्हा मला दिसलं की तुझी तुलाच खात्री नाही. मी म्हटलं, हो म्हणाला होतास, तापात होतास म्हणून आठवत नसेल. तू माझी माफी मागितलीस आणि सही केलीस. हे पत्र तू आधी वाच आणि मग डॉक्टरांना वाचायला दे. करारवाल्याला आणि त्या चाळीस हजार माणसांनाही मी आजच कळवते आहे, नाव माझं घालून. तुला मी घरात नको असेन तर मी दुसरीकडे जाईन, तू हवं ते बोल, पण त्या तपासण्या करून घेऊ नकोस. मंगळवारी दुपारी साडेतीनला तू उठून बसलास, पाणी पांघरुणावर सांडलं, पांघरूण मी बदललं. तू म्हणालास, ताई, नाही, मी शब्द दिलाय. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं, तेव्हा तू पुन्हा एकदा, मोठ्याने, नाही म्हणालास.

म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई