पिंडापुढं दिलेला शब्द

घोडकाठ, ता. शिरूर
२ ऑक्टोबर २००१

आदरणीय दाजी यांना,

घोड नदीच्या काठावरून हौशीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडायची इतकी सवय झाली आहे की परवा दाढी करताना आरशातल्या माणसालाही जोडले. त्यानंही लगेच जोडले. तोही उभा राहणार असावा.) तुमचा गुडघा कसा आहे? रिटायर झाल्यावरही तुम्ही रोज सकाळी दौंड स्टेशनवर जाऊन कुठली गाडी किती लेट आहे ते पाहून येता असं ऐकलं. जात जा. आपल्यावर जबाबदारी नसलेला उशीर बघण्यात एक समाधान असतं. तुळजाआक्काचा दमा कसा आहे? पप्पू काय करतो? (पप्पूबद्दल शेवटी लिहितो. आधी बाकीचं लिहून घेतो, म्हणजे हाताला जरा सराव होईल.) आमच्याकडे सगळं ठीक. सिंधू मजेत आहे, कारण मी दिवसभर घरी असतो. मी मजेत नाही, त्याचंही कारण तेच आहे.

दाजी, तुम्ही जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून हिरवा झेंडा दाखवलात आणि दर वेळी गाडी सुटली. आमच्या धंद्यात झेंडा दाखवायचा, शिट्टी मारायची, लोकांनी टाळ्या वाजवल्या की झेंडा गुंडाळून पुढच्या गावाला जायचं. गाडी आपली तिथंच. माझी दहा वर्षांची कारकीर्द 'बघतो' या एका शब्दावर उभी राहिली. हो म्हणावं तर करावं लागतं, नाही म्हणावं तर मत जातं, आणि बघतो म्हटलं की समोरचा चहा पाजतो. पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, मध्येच सव्वा वर्षाचं उपसभापतिपद (वर्ष का नाही आणि दीड का नाही, हे पदं वाटणाऱ्यांनाच माहीत), सगळीकडं मी बघतच होतो. आता डोळे दुखायला लागले आहेत.

लोकांना वाटतं मी सोसायटीच्या जोरावर निवडून आलो. तसं नाही, मला कावळ्यानं निवडून आणलं. ब्याण्णवच्या निवडणुकीआधी आमच्या आळीतले एक आण्णा वारले. दशक्रियेला सगळा गाव घाटावर. पिंड ठेवला, लोक मागं सरले, पण कावळा काही शिवेना. बाभळीवर ओळीनं बसलेले, खाली बघायचे आणि मान फिरवायचे. पोरगा म्हणाला, थोरलीचं लग्न करतो. भाऊ म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो. कावळे ढिम्म. ऊन चढलं, गुरुजींना दुसरा घाट गाठायचा होता, मागं आमटी उतू चालली होती. मी आपला कडेला उभा. आण्णा हयात असताना ओढ्यावरच्या मोरीचं सारखं बोलायचे ते आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, "आण्णा, मोरीचं मी बघतो." तोच कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गटात बोभाटा झाला की हौशीरामचा शब्द वर पोचतो. महिनाभरात तिकीट, दोन महिन्यांत गुलाल. (मोरी झाली, दाजी. खोटं कशाला बोलू? पहिल्या पुरात गेली ती गोष्ट वेगळी.)

तेव्हापासून माझ्यामागं जी साडेसाती लागली ती आजवर सुटली नाही. कुठंही कावळा अडला की जीप दारात हजर. सकाळी पांढरा शर्ट घालायला लागलो की सिंधू विचारायची, "आज कुणाचं?" मी कुणाच्या पिंडापुढं विजेची डीपी कबूल केली, कुणापुढं एसटीचा थांबा, कुणापुढं पोराची दारू सोडवण्याचं. जिवंत मतदाराचं बरं असतं, पुढच्या निवडणुकीपर्यंत तो विसरतो. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द घरचे दर वर्षश्राद्धाला आठवणीनं काढतात, वर जेवायलाही बोलावतात. तुमच्या आप्पांच्या वेळी दौंडला भीमेच्या घाटावर काय झालं ते तुम्हाला आठवत असेलच. कावळा येईना, सगळे सोयरे माझ्याकडं बघायला लागले आणि मी म्हणालो, "आप्पा, नातवाची काळजी नको. पप्पूला कारखान्यावर चिकटवायचं मी बघतो." कावळा आला. आक्का रडत माझ्या पाया पडायला निघाली होती, मोठी बहीण असून. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अलीकडे मला मरणाची भीती वाटते, दाजी. मरणाची म्हणजे वर गेल्यावर फाटकाशी कोण कोण उभं असेल त्याची. खाली निदान पोलीस बंदोबस्त मिळतो.

आता मुख्य हकिगत. नदीपलीकडच्या वस्तीवरची रंगुबाई तुम्हाला माहीत नसेल. मेंढरं राखून जन्म गेला, पुढं पोरानं, भिमानं, तिथंच शेती केली. तिला एकच पाहिजे होतं, नदीवर पूल. पावसाळ्यात पाणी चढलं की पलीकडच्या लोकांना शिरूरला यायला केवढा वळसा पडतो. ती प्रत्येक सभेला पुढं बसायची आणि शेवटी विचारायची, "बाबा, पूल कवा?" मी म्हणायचो, बघतो. ती म्हणायची, "बघ बाबा," आणि ताक द्यायची. कधी चिडली नाही, कधी दुसऱ्याला मत दिलं नाही. मी अगदीच काही केलं नाही असंही नाही. पुण्याला खेटे घातले, साहेब लोक आणले, त्यांनी दुर्बिणीतून नदी पाहिली, दगडांवर चुना मारला, रंगुबाईच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली आणि तेही म्हणाले, बघतो. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, त्यांना चुन्याचा दगड सापडेना. इनामगावला जमीन उकरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुली काढल्या लोकांनी, पण आमच्या पुलाचा गेल्या साली रंगवलेला दगड कुणाला दिसत नाही.

या श्रावणात रंगुबाई आजारी पडली. नदी भरून चालली होती. भिमानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडी टाकून तिला वळशानं शिरूरला आणायला घेतलं. ती वाटेतच गेली. मी भेटायला गेलो तर मला वाटलं होतं लोक अंगावर येतील. त्यांनी चहा केला, मला बाजेवर बसवलं आणि सगळे खाली बसले. त्यापेक्षा दगड मारले असते तर बरं झालं असतं.

दशक्रियेला घाटावर ही गर्दी. तालुक्याचे पुढारी आलेले, कारण निवडणूक तोंडावर. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर. भिमा म्हणाला, "आये, पूल व्हईल, दादा हायेत न्हवं?" कावळे जागचे हलले नाहीत. मग तेच, सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी पुढं झालो, हात जोडले, तोंड उघडलं, आणि दाजी, तो शब्द येईना. दहा वर्षांत पहिल्यांदा. समोर तो भाताचा गोळा, शेजारी तिचं ताकाचं गाडगं मांडलेलं. मला फार दमल्यासारखं झालं. मी म्हणालो, "रंगुआय, पूल न्हाई व्हायचा. माझ्याच्यानं झाला न्हाई, आन् होईल असं मला वाटत बी न्हाई."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला. नुसता शिवला नाही, बसून खाल्लं, गाडग्याच्या काठाला चोच पुसली आणि मग गेला. पुढाऱ्यांनी काळे चष्मे चढवले. भिमा माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "दादा, आयला कवाच ठावं हुतं. तिला फकस्त तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं." मी तिथंच पायरीवर बसून रडलो. (पुढाऱ्यांना वाटलं सहानुभूतीसाठी चाललंय. एकानं फोटोवाल्याला खूणही केली.)

यापुढं जे झालं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. पक्षाचे लोक खवळले. म्हणे विरोधकांनी दहा सभा घेऊन जे झालं नसतं ते तू एका पिंडावर केलंस. ते बरोबरच आहे. पण पितृपक्ष लागला आणि लोक पुन्हा दारात. ज्यांना ज्यांना मी शब्द दिला होता त्यांचे घरचे. "दादा, आमच्या म्हाताऱ्याला बी खरं काय ते सांगून टाका. छपरावरचं पान वाळून चाललंय." मग मी पंधरा दिवस शिड्या चढत होतो. एका पत्र्यावर उभा राहून सांगितलं, तात्या, डीपी येणार नाही, कावळा हजर. दुसरीकडं सांगितलं, काकी, एसटी थांबणार नाही, थांबली होती तेव्हा तुमच्याच लोकांनी हात केला नव्हता, कावळा हजर. एकच म्हातारा अडला. त्याला सगळं खरं सांगितलं, तीनतीनदा सांगितलं, कावळा फिरकेना. शेवटी त्याच्या बायकोनं पानावर तंबाखूची चिमूट ठेवली तेव्हा मिटलं. त्याला माझ्याकडून काही नकोच होतं, दाजी. असे मतदार फार थोडे.

तेव्हापासून 'बघतो' हा शब्द मी सोडला आहे. सिंधूनं दळण आणायला सांगितलं तरी आणतो किंवा आणत नाही असं स्पष्ट सांगतो. (बहुतेक आणतो.) तिकीट अर्थातच दुसऱ्याला जाणार. पहिले काही दिवस सुटल्यासारखं वाटलं. आता फोन वाजत नाही, तो न वाजणारा फोन ऐकत ओट्यावर बसतो. रस्त्यानं जीप गेली की पायात चप्पल जाते. सिंधू म्हणते, सवय मोडेल. मोडेल बहुतेक.

असो. अधिक महिना चालू आहे, तुम्ही या घरचे जावई, तेव्हा आक्काला घेऊन धोंडे खायला या. अनारशाचं पीठ तयार आहे. आई-वडील नसले तरी तुमच्या मानात काही कमी पडू द्यायचं नाही असं सिंधूचं म्हणणं आहे. आक्काला नमस्कार, पप्पूला आशीर्वाद.

तुमचा,
हौशीराम

ता. क. पप्पूबद्दल लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे राहू दिलं. सर्वपित्रीला आमच्या पानांशेजारी मी गुपचूप एक पान तुमच्या आप्पांचंही ठेवलं. सोयऱ्याचं पान आपल्या छपरावर ठेवायची रीत नाही, म्हणून गुरुजींना विचारलंच नाही. त्यांना सांगितलं, "आप्पा, पप्पूचं कारखान्यावर काही व्हायचं न्हाई. तिथं माझं कुणी ऐकत नाही, पहिल्यापासूनच ऐकत नव्हतं." कावळा आला आणि अख्खा वडा घेऊन गेला. म्हणजे आप्पांना कळलं. आता तुम्ही, आक्का आणि पप्पू एवढेच राहिलात.

दुसरं ता. क. गेल्या आठवड्यात मी दौंडला आलो होतो, हेच सांगायला. स्टेशनबाहेर पप्पू भेटला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ऑर्डर कधीही येईल म्हणून रोज असाच तयार होऊन निघतो म्हणे. मला पाहिलं, पाया पडला, आणि त्या विषयाचं एक अक्षर विचारलं नाही. "मामा, घरी चला," एवढंच म्हणाला. मी पुढच्या एसटीनं परत आलो. दाजी, पोरानं फिटरचं शिक्षण घेतलंय, माझ्या शब्दापायी दोन ठिकाणची कामं सोडली, आणि वय निघून चाललंय. रांजणगावला एका कंपनीत फिटर घेताहेत. येत्या सोमवारी सकाळी गेटवर स्वतः जायचं, कुणाची चिठ्ठी लागत नाही, मी चौकशी केली आहे. (माझं नाव सांगू नये.) त्याला तेवढं पाठवा. आणि कारखान्याचं काय ते त्याला आणि आक्काला तुम्हीच सांगा. मेलेल्यांना खरं सांगायला मी शिकलो, जिवंतांपुढं अजून जीभ उचलत नाही. फोन केला असता, पण तो आक्काच उचलते.

तिसरं ता. क. सिंधूनं हे पत्र वाचलं. ती म्हणते, टपालात टाकू नका, स्वतः जा आणि बहिणीसमोर बसून सांगा. तिचं म्हणणं योग्य आहे. पत्र टपालात टाकत आहे. आक्काला सांगताना तिचा दमा सांभाळून सांगा, आणि ती फारच रडायला लागली तर दाजी, तेवढ्यापुरतं म्हणा, की हौशीराम बघतो म्हणाला.