बेडकीच्या शेवटच्या पानाची व्यवस्था

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मुलांसाठी पुस्तके लिहिणे, राहणार तिसरा मजला, जिन्यासमोरचे दार, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी हयात असती तर तिने तो फ्रेम करून घेतला असता, कारण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला असा पुरावा कधी मिळाला नव्हता. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे, आणि मला ते आठवत नाही हे डॉक्टरांच्या कानावर घालू नये.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या स्वकष्टार्जित मालकीचे असून ते माझ्या एकुलत्या एका मुलीस मिळावे. न्हाणीघराच्या छतातली गळतीही ओघाने तिच्याकडेच जाईल. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गेली नऊ वर्षे उद्याच प्लंबर बोलावतात. तो पत्रव्यवहार हिरव्या फायलीत आहे. मी जन्मभर गोष्टी लिहिल्या, पण कल्पनाशक्ती पाहायची तर त्यांची उत्तरे वाचावीत.

कलम २. टाइपरायटर धाकट्या भावास द्यावा. मुलांसाठी लिहायला असे काय लागते, पानावर चार तर ओळी असतात, हे त्याने चाळीस वर्षे माझ्याच घरी जेवता जेवता सांगितले आहे. सोबत कोऱ्या कागदांचे एक रीम द्यावे. पहिल्या चार ओळी झाल्या की त्याने स्वतःच वाचाव्यात.

कलम ३. स्मृतिचिन्हे, नग तेवीस, माझ्या प्रकाशकास द्यावीत. त्यांतल्या अकरांवर त्यांचे नाव माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे, तेव्हा ती आपल्या घरी परत गेली असे समजू. दर आठवड्याला पुसावी लागतात, एवढे त्यांना सांगून ठेवावे.

कलम ४. आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. "बेडकी अखेर बोलली" हे सोळा पानांचे माझे पुस्तक. डबक्यात एक लहान बेडकी असते. तिचा आवाज घशातच अडकतो आणि बाकीचे बेडूक हसतात. मग ती मेहनत करते आणि शेवटच्या पानावर मोठ्या दगडावर चढून असे डराव करते की सारे डबके टाळ्या वाजवते. "मुलांना उमेद देणारे पुस्तक" असे मुखपृष्ठावर छापले आहे, म्हणजे वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

माझी मुलगी चौथ्या वर्षापासून बोलताना अडखळते. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथे थांबतो. ती सहा वर्षांची असताना मी तिच्यावरून ही गोष्ट लिहिली. मी दुःखाचे सोने केले, असे एका समीक्षकाने लिहिले. सोने प्रकाशकाकडे गेले, कौतुक माझ्याकडे आले, आणि दुःख जिथल्या तिथे राहिले.

चित्रे पत्नीची. तिचे नाव आतल्या पानावर आहे, भिंग घेतल्यास दिसते. तिने काढलेल्या मूळ शेवटच्या चित्रात बेडकी दगडावर बसली आहे, तोंड मिटलेले, आणि भोवती बेडूक, कासव, बगळासुद्धा, सगळे गप्प बसून तिच्याकडे पाहत आहेत. प्रकाशकांनी चष्मा काढून विचारले, "वहिनी, चित्र झकास आहे, पण यात घडतंय काय?"

"वाट बघतायत," ती म्हणाली.

मुलांना वाट बघायला आवडत नाही, उमेद हवी, असे त्यांचे म्हणणे पडले. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आपली मुलगी अजून अडखळतेच ना? मग बेडकीलाच कसली घाई?" बाजार त्यांना जास्त कळतो, असे मी तिला समजावले. दुसऱ्याच दिवशी तिने नवी बेडकी काढून दिली, तोंड घागरीएवढे उघडलेली. त्यानंतर तिने माझ्या एकाही पुस्तकासाठी चित्र काढले नाही. मला वाटले, तिला वेळ मिळत नसेल. वर जोडलेल्या दाखल्याचा इथे फेरविचार व्हायला हरकत नाही.

पुस्तक शाळाशाळांतून गेले, मुलीच्या शाळेतही. बेडकीला जमले मग तुला का जमत नाही, हे तिला निदान सहा शिक्षकांनी विचारले. ती अकरा वर्षांची असताना पाचव्या आवृत्तीच्या समारंभात शेवटचे पान तिने वाचावे, अशी कल्पना प्रकाशकांना सुचली आणि मला ती आवडली. पहिल्याच शब्दाला ती अडली. सभागृहात कुणीतरी खोकले. मला ते सहन झाले नाही. मी माईक घेतला आणि वाक्य पुरे केले. टाळ्या पडल्या.

तिथून मी तिची सगळीच वाक्ये पुरी करत आलो. दुकानात, पाहुण्यांत, डॉक्टरांकडे. वाक्य पुरे करणे हा माझा धंदाच. तिला कॉफी हवी असायची, मी चहा सांगायचो, आणि ती निमूट चहा प्यायची. पुढे ती जनावरांची डॉक्टर झाली. तिचे रोगी तिला मध्येच तोडत नाहीत. मला या सगळ्याची लाज वाटते. हे वाक्य वकिलांनी अनावश्यक म्हणून खोडले होते, मी ते परत लिहिले आहे.

सबब, या पुस्तकाचे सर्व हक्क मुलीस. मूळ शेवटचे चित्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात निळ्या फोल्डरमध्ये आहे. यापुढे पुस्तक निघाले तर त्याच चित्रासह निघावे, पत्नीचे नाव मुखपृष्ठावर माझ्या नावाच्या आधी यावे. असे पुस्तक खपणार नाही, असे प्रकाशक म्हणतील. न खपो. त्यांच्याशी वाद घालायला मी नसेन, मरणाची तेवढी एक सोय आहे.

कलम ५. मसुद्यात, मुलीच्या सोयीसाठी, हे मृत्युपत्र वकिलांनी वाचून दाखवावे असे होते. परवा तो मसुदा मी तिच्यापुढे ठेवला. ते कलम पाहून तिने मान वर केली आणि बोलू लागली. मृत्युपत्र आपण स्वतःच वाचणार, असे तिला म्हणायचे आहे हे मला दुसऱ्याच शब्दाला कळले आणि सवयीने मी सुरू केले, "अगं, तुला कशाला उगाच त्रास..."

तिने टेबलावर हात ठेवला. मी गप्प झालो. वेळ लागला. स्वयंपाकघरात दूध उतू गेले, दोघांपैकी कुणी उठले नाही.

"बाबा," ती म्हणाली, "बोलताना मला त्रास होत नाही. तुम्हाला होतो."

म्हणून आता असे: हे मृत्युपत्र माझी मुलगी वाचेल, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, तिला लागेल तेवढ्या वेळात. सर्व लाभार्थींनी समक्ष बसावे. जो कोणी तिचा शब्द पुरा करील, घड्याळ पाहील किंवा सहानुभूतीने मान हलवील, त्याचा वाटा रद्दीवाल्यास जावा. वकीलही यात आले.

स्थळ: माझे राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: चालू महिन्याची चार, गुरुवार.
सही: लिहून ठेवणार

साक्षीदार: १. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही). २. गल्लीतल्या बुकबाइंडर बाई (सही).

आम्ही साक्षीदार लिहून देतो की, सही होण्यापूर्वी वरील मृत्युपत्र लिहून ठेवणाऱ्यांच्या मुलीने आमच्यासमोर मोठ्याने वाचले. एक तास दहा मिनिटे लागली. लिहून ठेवणारे दोनदा उठून पाणी प्यायले, एकदा त्यांनी रुमाल तोंडावर धरला, पण मध्ये एक शब्दही बोलले नाहीत.