नाव न सांगता विचारलेलं

कोपरी, ठाणे पूर्व
ता. ११ नोव्हेंबर

प्रिय शकूबायला आवडाचा नमस्कार.

आम्ही सगळी इथे बरी आहोत, तुम्हीही बरी असाल. तुळशीचं लग्न झालं. नयनने यंदा आणलेला ऊस असा वाळका, की मांडव कसला, कुंपणच घातल्यासारखं दिसत होतं. तुझे गुडघे काय म्हणतात? तेल लावतेस, का नुसतीच बाटलीकडे बघत बसतेस?

आवडाला पत्राचं खूळ कुठून लागलं म्हणशील. तर ऐक. तुला फोन केला की तुझी सून उचलते, स्पीकर लावते आणि भाजी चिरता चिरता सगळं घर ऐकतं. आमच्याकडची तऱ्हा त्याहून वर. माझ्या शहाण्या मुलाने, नयनने, घरातल्या सगळ्या फोनना आणि हॉलमधल्या टीव्हीला एकच ईमेल लावलाय. का, तर पासवर्ड एकच, कुणी विसरायला नको. त्याने मूळव्याधीचं औषध शोधलं की माझ्या फोनवर मलमाच्या जाहिराती. मी बोंबलाच्या चटणीचं बघितलं की ऑफिसात त्याच्यासमोर बोंबील. घरात एक गोष्ट झाकून राहात नाही. पूर्वी चाळीत राहणाऱ्या लोकांना आपण हसायचो, आता आपलं चार मजल्यांचं घर असून ही गत!

गणपती गेल्यावर मी फोनला एक प्रश्न विचारला. टाइप करायला बोटं वळत नाहीत म्हणून तोंडानेच विचारला. काय विचारला ते राहू दे.

दुसऱ्या दिवशी पंढरीशेठ आले, नारळ-विडा घेऊन. नातीच्या लग्नात धवले गायला मला सांगायला. चहा होईपर्यंत नयनने टीव्ही लावला, त्यांना कालची मॅच दाखवायला. आणि आली ना व्हिडिओंची रांग पडद्यावर! ‘सारखं विसरायला होतंय? ही लक्षणं ओळखा.’ ‘घरातली माणसं ओळखू येत नसतील तर...’ आपल्या टीव्हीची साइज तर तुला ठाऊक आहे, आंधळ्यालाही वाचता येईल. पंढरीशेठ विडा हातात धरून वाचतायत. नयनने समृद्धीकडे वळून विचारलं, “हे तू शोधलंस?”

आमची सून एक क्षण माझ्याकडे बघून म्हणाली, “हो, मीच. मला कुकरच्या शिट्ट्या लक्षात राहात नाहीत.”

खोटं गो! ती वागळे इस्टेटला एका कंपनीत कॉम्प्युटरवर असते, तिच्या सगळं लक्षात राहतं. माझ्या औषधाच्या गोळ्याही तिच्याच लक्षात असतात. नयन मात्र तेव्हापासून तिला रोज भिजवलेले बदाम खायला लावतो आणि ती बिचारी खाते.

पंढरीशेठचा विडा मी घेतला नाही, शकू. घसा धरलाय म्हणून सांगितलं.

रविवारी समृद्धीने माझा फोन मागितला. “आई, तुम्हाला काय विचारायचं असतं ते मी विचारणार नाही,” म्हणाली आणि फोनमध्ये टॉर का काय ते टाकून दिलं. यात शोधलेलं ना टीव्हीवर येतं, ना नयनला दिसतं. म्हणे, आपला प्रश्न तीन घरं फिरून पुढे जातो. पहिल्या घराला ठाऊक कुणी दिला, पण आत काय आहे ते नाही. शेवटच्याला ठाऊक काय विचारलंय, पण कुणी ते नाही. मी म्हटलं, कळलं, सासूला पत्ता लागू न देता माहेरी निरोप धाडायचा तसंच ना? “अगदी तसंच,” म्हणाली आणि जीभ चावली. हिच्या फोनमध्ये हे कधीपासून आहे, ते मीही विचारलं नाही.

पण काय तो छळ, बाय! आधी उघडायलाच इतका वेळ, की तेवढ्यात माझं पीठ मळून होतं. उघडलं की म्हणतो, तू माणूस आहेस हे सिद्ध कर. अरे मेल्या, आजी झाले, अजून माणूसच आहे मी! मग चित्रं दाखवतो. मोटरसायकली कुठल्या, सांग. जिने कुठले, सांग. दांडीचा एवढासा तुकडा दुसऱ्या चौकोनात गेला, तर ती मोटरसायकल धरायची का नाही? एवढं करून उत्तर कसल्याशा परक्या भाषेत. कारण त्याला वाटतं मी विलायतेत बसलेय. एकदा भडकून फोनवरच ओरडले, “मना येरी समजतोस काय रे?” “कोण वेडी?” म्हणत नयन आतून धावत आला. सांगितलं, मांजराला बोलले.

आणखी एक. बंद केला की हा सगळं पुसतो. मी काय विचारलं, काय वाचलं, काही मागे ठेवत नाही. समृद्धी म्हणते, तीच तर त्याची खुबी. असेल तिच्यासाठी. मला मात्र परवा वाचलेलं आज आठवत नाही, आणि याला विचारावं तर हाही हात वर करतो. मी एकच पान किती वेळा नव्याने वाचलं असेल देव जाणे. दर वेळी तेवढीच घाबरते.

झालं, लिहून गेले. तुला काय, तू तर केव्हाच ओळखलंस.

मे महिन्यात कल्याणच्या हळदीला मी धवल्यात देवांना बोलवायला बसले. गावदेवीला बोलावलं, आणि पुन्हा गावदेवीलाच बोलावलं. पुढे काळोख. इतकी वर्षं तोंडात असलेला धवला, तो गेला कुठे? हळदीच्या वाट्या घेऊन बायका खोळंबल्या होत्या. तू मागून एकवीरेची ओळ उचललीस आणि गाणं पुढे नेलंस. मांडवात कुणाला कळलं नाही. रिक्षात बसल्यावर तू एवढंच म्हणालीस, “आवडे, एकदा दाखवून घे.” आणि मी तुझ्यावर कुत्र्यासारखी वसकले.

तू बोललीस त्याचा राग नव्हता गो. तू तुझ्या नवऱ्याकडे, प्रभाकरभाऊंकडे, शेवटी शेवटी बघायचीस ना, तशी माझ्याकडे बघितलंस. मला ते सहन झालं नाही. त्यांना नाव आठवत नव्हतं, घर आठवत नव्हतं, ते सगळं मी तुझ्या ओट्यावर बसून बघितलंय. मला भीती वाटते, शकू. मरणाची नाही, त्याची.

काल हिय्या केला आणि त्या टॉरला विचारलं, जवळचा मेंदूचा डॉक्टर कोण? त्याने जर्मनीतला पत्ता दिला. फोटोसकट! गोरा, टकला, हसतोय. मी बसलेय कोपरीत, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्या दीडशहाण्याला मी कुठे आहे तेच ठाऊक नाही. आधी इतका संताप आला, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मीच सगळ्यांपासून लपून बसलेय, मग मला वाट दाखवायला येणार कोण?

म्हणून तुला लिहितेय. तुझ्यापुढे नाव लपवून काय करू? प्रभाकरभाऊंना तू डोंबिवलीत ज्या डॉक्टरबाईंकडे न्यायचीस, त्यांची वेळ माझ्यासाठी घे. समृद्धी येईल माझ्याबरोबर, ती गुणाची आहे, पण तिच्यापुढे मला रडता येत नाही. तू चल. गुडघे दुखतात म्हणून सांगशील तर खबरदार, मी रिक्षा दाराशी आणीन.

आणि जागृतीची हळद. तुझी नात ती, तिच्या मांडवात मला देव चुकवायचे नाहीत. तू निरोप धाडलास तेव्हा मी नुसतं ‘बघते’ म्हटलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी येणार. पण तू उचल, मी मागे बसून झेलते. त्याआधी चार दिवस माझ्याकडे राहायला ये. जे धवले माझ्या एकटीकडे आहेत, ते बसून घे. फोनमध्ये भरून ठेव म्हणतील सगळी, पण मला ते तुझ्या तोंडात हवेत.

प्रभाकरभाऊ तुलाच विचारायचे, “बाई, तुम्ही कुणाच्या?” आणि तू दर वेळी हसून सांगायचीस, “तुमचीच.” ती पाळी तुझ्यावर दुसऱ्यांदा आणायची माझी इच्छा नाही. पण आलीच, तर मलाही तेच सांग.

अजून तुला ओळखणारी,
आवडा