साखरेचा डबा ओट्यावर आहे

अहो,

मी कामावर निघाले. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

साखरेचा डबा आजपासून ओट्यावरच राहील. तुम्ही चोरून खाता म्हणून वर्षभर मी तो लपवत आले. काल तुमची रक्तातली साखर एकदम उतरली, तुम्ही जिन्यात घामाघूम होऊन बसलात, आणि डबा कुठे दडवलाय ते मलाच आठवेना! शेजारणीने मूठभर साखर दिली म्हणून निभावलं. डबा आज सकाळी शिलाई मशीनच्या खणात सापडला.

तुमच्या शर्टांच्या खिशांत साखरेच्या पुड्या ठेवल्यात. हातपाय थरथरले की लगेच तोंडात टाका. एरवी हात लावलात तर याद राखा.

चहा थर्मासमध्ये आहे, बिनसाखरेचा. मीही आज तसाच पिऊन पाहिला.

तुमची चोरी माफ.