घोरतं ते कुत्रं, मी नव्हे

२ जुलै, सकाळ
रात्री बातमाने पुन्हा लाथ मारली. बरगडी ठणकतेय. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोला झोपेत पाय आवरत नाहीत! विचारलं तर म्हणते, तुम्ही घोरता. मी? घोरतं ते कुत्रं. तंबूच्या दाराशीच तर पडलेलं असतं.
शनिवारी आमच्या पोरीचे, आयझिरेकचे होणारे सासू-सासरे कुरणावर येणार, लग्न पक्कं करायला. झोपणार सगळे याच तंबूत. यजमान बाहेर झोपला तर पाहुण्यांचा अपमान. कुत्रं लांब पाठवावं. प्रॉब्लेम खल्लास.

४ जुलै
कुत्रं मेव्हण्याकडे, डोंगरापलीकडे. तरी लाथ बसलीच. आवाज म्हणे तस्साच. कुत्र्याची छाती दांडगी, दुसरं काय!
आयझिरेक रडली. म्हणाली, बाबा, ती माणसं पळून जातील हो. पोरीसाठी गावात डॉक्टरीणबाईंना नाक दाखवलं. त्या म्हणाल्या, नाकातला पडदा वाकडा, म्हणून तोंडाने श्वास घेता. झोपेत जीभ मागे पडते, घसा मिटतो, श्वास अडतो. ऑपरेशन करा.
वा रे वा! घोड्यावरून बोकड पळवायच्या सामन्यात मोडलेलं नाक हे! अख्खी दरी ओळखते. सरळ करून मला काय नवरदेव व्हायचंय?

५ जुलै
स्वतःचा इलाज. नाकात मेंढीची चरबी, तोंडाला चिकटपट्टी. तोंड बंद झालं की नाक झक मारत कामाला लागेल.

६ जुलै
पट्टी मिशीसकट निघाली. नाक कामाला लागलं नाही. जीव जाता जाता वाचला. बातमाची लाथ नेमकी तेव्हाच बसली. योगायोग.
नवा प्लॅन: पाहुणे असेपर्यंत झोपायचंच नाही.

शनिवार
आले. मेंढी कापली. चहा कडक ठेवायला सांगितलाय.

रविवार, सकाळ
जिंकलो! डोळ्याला डोळा लागू दिला नाही. घोरत होते ते व्याही. आता त्यांनी आशीर्वाद दिला की लग्न पक्कं.

रविवार, संध्याकाळ
आशीर्वादाला सगळ्यांनी तळवे पुढे धरले. पोटात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगाभर कुमिस, पाठीवर ऊन. एवढंच आठवतं.
पुढचं ऐकीव. तळवे पसरूनच मी घोरायला लागलो. मग घोरणंही थांबलं. ओठ निळे. मुलांना सुखी ठेव म्हणता म्हणता व्याही घाबरून मयताची दुआ म्हणायला लागले. बातमा उठली आणि भर बैठकीत मला लाथ घातली. मी दचकून जोरात म्हणालो, आमीन!
कोणी हसलं नाही. विहीणबाईंनी विचारलं, अहो, हे नेहमीचंच का? बातमाला रडूच फुटलं. म्हणाली, रोज रात्री कान देऊन पडते. श्वास थांबला की लाथ. एखाद्या रात्री माझाच डोळा लागला तर?
मला वाटायचं, बाईचे पाय वाईट.
लग्न मोडलं नाही. व्याही म्हणाले, आधी नाक, मग नवरी.

१४ जुलै, हॉस्पिटल
उद्या ऑपरेशन. बातमाला घरी पाठवलं. रात्री नातेवाइकांना थांबता येत नाही. गेटापर्यंत सारखी मागे वळून बघत होती.
घाबरलोय. इथे कुत्रंही नाही.
नर्सबाईंना हळूच विचारलं, रात्री लाथ मारायला कोण असतं?