विसापूर फाट्यावरची मोजणी

प्रिय दिव्यानी,

सप्रेम जय भीम. मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून मधल्या खोलीला चुना मारत होतो. सोमवारी अहवालावर तुझी सही झाली की बल्लारपूर-चंद्रपूर ट्रामचा पहिला टप्पा सुरू होणार आणि त्या कामासाठी तू पुणं सोडून दोन वर्षं इथं राहायला येणार, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. मी नुसतं "बरं झालं" म्हणालो. तुला वाटलं असेल, म्हातारा अजून तसाच खडूस आहे. खडूस तर मी आहेच, पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. स्टुलावरून उतरलो तो पुन्हा चढलो नाही. भिंत अर्धी पांढरी, अर्धी तशीच आहे.

हल्ली थकवा फार येतो. डॉक्टर म्हणतात वयाचा आहे, आणि मी मान हलवतो. सकाळी अंगणातल्या पायरीवर बोट फिरवलं तर काळं होतं. आदल्या दिवशीच पुसलेली असते. तुझी आई वीस वर्षं स्कुटीवरून चंद्रपूरच्या शाळेत गेली, तोंडाला ओढणी गुंडाळून, ट्रकांच्या मागं मागं. घरी आली की आधी ओढणी पिळायची आणि ते काळं पाणी मला दाखवायची, जणू मीच ते सोडलं होतं. एका परीनं खरंच होतं म्हणा, कोळसा आम्हीच वर काढत होतो. ती गेली त्या वर्षी तू माझ्यासमोर बसून म्हणालीस की या रस्त्यावर ट्राम आणीन. मी हसलो होतो. मुंगीनं हत्तीला उचलायचं ठरवावं तशी ती गोष्ट मला वाटली.

मला ट्राम कळते ती खाणीतली. कोळसा वाहणाऱ्या लोखंडी डब्याला आम्ही टब म्हणायचो आणि तो रुळावरून ढकलणाऱ्याला ट्रामर. मी सोळा वर्षं ट्रामर होतो, नंतर खाणीच्या तोंडावर बसून टब मोजायचं काम मिळालं. तू सातवीत असताना विचारलं होतंस की टनभर कोळसा दोन माणसं कशी ढकलतात. मी तुला शेडमध्ये नेऊन एक रिकामा टब तुझ्याच हातानं ढकलायला लावला. तो हलला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, ते अजून लख्ख आठवतं. लोखंडावर लोखंड कमी घासतं, एवढंच मला माहीत होतं. पुढचं तू मला शिकवलंस. हलका डबा, रस्त्यातच बसवलेला बारीक रूळ, डोक्यावर तारा नाहीत, थांब्यावर उभी असताना चार्ज होणारी बॅटरी, ब्रेक दाबला की थोडी वीज परत डब्यात. मेट्रोच्या खर्चाच्या मानानं चिल्लर. मागच्या उन्हाळ्यात सत्तेचाळीस डिग्रीत तू कूलरसमोर बसून मला हे समजावत होतीस आणि मी मनात म्हणत होतो, माझी पोर माझ्याच धंद्यात आली.

एक गोष्ट तू दोनदा सांगितली होतीस. बाबा, ट्रामची वीजसुद्धा आपल्याच कोळशाची. डबा माणसांनी भरलेला असेल तर माणशी धूर कमी पडतो. रिकामा डबा धावला तर आपण उगाच कोळसा जाळतोय, त्यापेक्षा स्कुटी बरी. म्हणून तुझ्या वरच्या साहेबांनी अट घातली की या रस्त्यावरून एका बाजूनं रोज सरासरी दहा हजार माणसं जात असतील तरच काम पुढं न्यायचं. सात दिवसांची मोजणी हवी होती. तुझ्या कंपनीची माणसं कॅमेरे लावायला तयार होती, पण तू म्हणालीस, माझ्या बाबांनी मोजलं म्हणजे मोजलं, खाणीत त्यांच्या खडूच्या रेघेवर कुणी कधी शंका घेतली नाही. साहेबांनी ते ऐकलं. तुझ्या शब्दावर ऐकलं.

ऑक्टोबरच्या सतरा तारखेपासून मी आणि लटारू याच रस्त्यावरच्या विसापूर फाट्यावर बसलो. लटारू आपल्या गल्लीतला, आधी शेअर ऑटो चालवायचा, आता गुडघे गेले म्हणून घरी असतो. सकाळी सहा ते रात्री आठ. दुचाकीवरचे तो मोजी, बस आणि ऑटोतले मी. पाच माणसांच्या चार उभ्या रेघा आणि एक आडवी, खाणीतल्यासारखी. त्याची बडबड चालू असायची. "देवाजीभाऊ, ट्राम आली तर माह्यासारख्या ऑटोवाल्यायचं का होईन?" मी म्हणायचो, तू आता ऑटो चालवत नाहीस ना, मग काऊन रडतोस. तर म्हणे, "मी नाई रडून राह्यलो, तुमच्या पोरीले विचारून ठेवा म्हणतो." मी तुला विचारायला विसरलो. आता विचारून ठेव, बरोबर प्रश्न आहे.

त्याच्या आधी, पंधरा आणि सोळा तारखेलाही मी तिथं होतो, हे तुला माहीत आहे. तूच बजावलं होतंस की चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरचे धम्मचक्र अनुवर्तनाचे दोन दिवस मोजायचे नाहीत, ती गर्दी रोजची नसते. दरवर्षी मी त्या दोन दिवशी फाट्यावर पाण्याचे माठ घेऊन बसतो, तुझी आई असताना दोघं बसायचो. राजुऱ्याकडून, गोंडपिपरीकडून, पार तेलंगणातून माणसं येतात, ट्रॅक्टरमध्ये, टेम्पोत, पायी, पांढऱ्या कपड्यांत. यंदा पाणी देता देता हात आपोआप रेघा ओढू लागला. सवय. वहीत दोन्ही दिवसांचे कागद भरले, दर दिवशी सतरा हजारांच्या आसपास. मोजणीसाठी नाही, नुसतं बरं वाटत होतं म्हणून. एवढी आपली माणसं एका रस्त्यावर पाहिली की मला आपलं घर एकट्याचं आहे हे तेवढा वेळ आठवत नाही.

मी कुणाला सांगितलेलं नाही, पण तू पुण्याला गेल्यापासून संध्याकाळी मी दोन माणसांचा भात टाकतो. मुद्दाम नाही. हातानं तांदूळ घेतला की तेवढाच येतो. उरलेला सकाळी फोडणीला घालतो आणि पुन्हा संध्याकाळी तेच. दिवाळीत तू दोन दिवस आलीस आणि परत जाताना म्हणालीस, ट्राम मंजूर झाली तर मधली खोली माझी. त्या वाक्यावर मी तीन महिने काढले.

आता खरं लिहितो. फोनवर जमलं नसतं, तू मध्येच "बाबा" म्हटलं असतंस आणि मी पुन्हा "बरं झालं" म्हणालो असतो. सतरा ते तेवीस या सात दिवसांत सरासरी साडेसात हजार माणसं झाली. शनिवार-रविवार तर त्याहून कमी. पोरं पुण्या-नागपूरला गेलीत, लवकर येणारा हलका धान कापणीला आलेला, माणूस आहेच किती. दिवाळीनंतर, कागद तुला पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मी शनिवार-रविवारचे दोन कागद काढले आणि त्या जागी पंधरा-सोळाचे घातले, वरची तारीख बदलून. सरासरी दहा हजारांच्या थोडी वर गेली. तू विचारलंस की शनिवार-रविवारी एवढी गर्दी कशी, तर मी बाजार म्हणालो आणि तू पुढं एक शब्द विचारला नाहीस. मला ट्रामसाठी खोटं बोलायचं नव्हतं, दिव्या. मला तू घरी हवी होतीस. बत्तीस वर्षांत एक टब इकडचा तिकडं केला नाही आणि माझ्या पोरीच्या सहीखाली हे केलं. दीक्षाभूमीला येणाऱ्या माणसांना रोजचे प्रवासी करून ठेवलं. सोमवारी सही करू नकोस. काढलेले दोन्ही कागद सोबत आहेत, लटारूची सही त्यांवर आहे, साहेबांना दाखव आणि माझं नाव घेऊन सांग की बापानं फसवलं. साडेसात हजारांत छोटा डबा बसत असेल तर तो माग, नसेल बसत तर सोडून दे. मग तू येणार नाहीस, ते ठाऊक आहे. मी पत्र आजच टाकतो, उद्यापर्यंत माझा धीर टिकणार नाही.

तुझाच,
बाबा