एक आठवडा की तीन

३ नोव्हेंबर

वनमाला आली होती कांदिवलीहून. खास मला वळणावर आणायला. "ताई, अडुसष्टाव्या वर्षी तरुण व्हायला कुणी परदेशात जातं का गं?"

तरुण नाही व्हायचं. जिवंत राहायचंय. सख्ख्या बहिणीला हा फरक कळू नये!

माझी गार्गी छत्तीसची. बुद्धीने सहा-सात वर्षांची, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर तिच्याशी कधी पत्ते खेळलेले नाहीत. मधुकर, तिचा बाबा, गेल्यापासून तिला मीच. माझ्यामागे तिचं काय, हा प्रश्न नातेवाइकांना चहाबरोबर पडतो आणि कपाबरोबर विसळला जातो. मला रोज पडतो.

म्हणून हे दीर्घायुष्याचं क्लिनिक. मधुकरने घेऊन विसरलेले शेअर विकले. शरीरात पुढे काय बिघडणार ते शोधतात, आधीच सांभाळतात म्हणे. किती खरं, किती जाहिरात? जन्म वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेला, जाहिरात ओळखते मी. तरी जाणार. आयुष्यभर प्रत्येक मजकूर मुदतीत दिला. ही एक मुदत वाढवून हवी.

५ नोव्हेंबर

यादीत दोन क्लिनिकं उरली. स्वित्झर्लंडमधलं डोंगरावरचं — तीन आठवडे. ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं — एक आठवडा.

डोंगर सरस, यात वाद नाही. रोज चालवतात, हाडं-स्नायू-झोप सगळं नीट बघतात. तळ्याकाठी नुसत्या तपासण्या आणि पांढरे झगे. पण गार्गी आजवर एक रात्रही माझ्याविना झोपलेली नाही. तीन आठवडे!

तळं.

७ नोव्हेंबर

तळ्याच्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवर. वाढलेली वर्षं कुणासाठी हवीत, विचारलं. मुलीसाठी, म्हटलं.

"आणि तुमच्यासाठी? एखादा शनिवार मोकळा मिळाला, तर काय कराल?"

हे तुमच्या तपासणीत बसत नाही, रक्ताचं बोला — असं सुनावलं. त्या हसल्या. मी नाही.

१० नोव्हेंबर

वनमाला गार्गीला ठेवून घेणार नाही. तिला एकटीने सांभाळायची भीती वाटते म्हणाली. निदान खरं बोलली.

मग खाडीपलीकडचं मनोरी. तिथे शर्मिष्ठा म्हणून एक बाई अशा पाच-सहा जणांना घेऊन राहते. 'मुलं' म्हणते, सगळी तिशी-चाळिशीची. आधी आठवडाभर ठेवून बघा म्हणाली, मग तिकिटं काढा.

१५ नोव्हेंबर

सोडून आले. मार्व्याहून बोटीत बसली, उतरेपर्यंत खूश होती. बंगल्याच्या दारात माझी ओढणी धरली. पुढच्या शनिवारी येते, असं तीनतीनदा वदवून घेतलं.

घरी आल्यावर दोन ताटं काढली. एक परत ठेवलं.

१७ नोव्हेंबर

शर्मिष्ठाचा फोन. गार्गी रडते, धड जेवत नाही. पण आणायला येऊ नका, फोनही करू नका.

वनमाला म्हणते, घेऊन ये तिला, पुरे झाली तुझी हौस. नाही आणणार! मी मेल्यावरही ती अशीच रडेल. तेव्हा डोळे कोण पुसणार? म्हणूनच तर मला मरायची सोय नाही.

१९ नोव्हेंबर

फोन नाही. केलाही नाही.

२१ नोव्हेंबर

गार्गीचा फोन. स्वतः लावलेला.

"आई, उद्या येऊ नको. उद्या पोळ्या माझ्याकडे आहेत. मग आम्ही बोटीत बसणार."

मागे कुणीतरी हसत होतं. तीही हसली, आणि फोन ठेवलासुद्धा. मी परत लावला. दोनदा. उचलला नाही.

शर्मिष्ठाचा निरोप आला नंतर — गार्गी इथेच राहते म्हणतेय, रविवारी या, बोलू.

उद्या शनिवार.

२२ नोव्हेंबर

तळं रद्द केलं. डोंगराला कळवलं — तीन आठवडे.

वनमालाला सांगेन सावकाश. आत्ता बाजारात निघालेय, चालायचे बूट घ्यायला.